राळबद्ध फरसबंदीतील तडे

राळबद्ध फरसबंदीतील तडे : संश्लेषित राळ व बारीक खडी किंवा वाळू यांच्या मिश्रणाने तयार केलेल्या आवारमार्गांवर, वाहनतळांवर, पादपथांवर आणि गुदामांच्या जमिनींवर पडणाऱ्या भेगा. अशा फरसबंदीतील राळेचा थर तुलनेने पातळ असतो. वाहनांचा भार पेलण्याचे काम मुख्यतः त्याखालचे काँक्रीट किंवा डांबरी अधःस्तर आणि त्याच्याही खालची जमीन करते. यामुळे तडा वरच्या थरावर दिसत असला, तरी त्याचे मूळ बहुधा खालच्या थरांत असते. हे लक्षात न घेता केवळ वरचा थर पुन्हा घातल्यास तोच तडा त्याच जागी परत येतो व खर्च वाया जातो.

प्रकार : राळेच्या फरसबंदीचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात सु. १ ते १० मिमी. आकारमानाची धुतलेली कोरडी खडी राळेत घोळून प्रत्येक खड्यावर राळेचा लेप चढवितात आणि हे मिश्रण थापीने १५ ते २५ मिमी. जाडीत पसरतात. राळेचे प्रमाण वजनाने सर्वसाधारणपणे ६ ते ८ टक्के असते. खड्यांमधील पोकळ्या मोकळ्या राहत असल्याने या थरातून पाणी झिरपते. दुसऱ्या प्रकारात पृष्ठावर राळेचा सलग पातळ थर देऊन तो ओला असतानाच त्यावर खडी पेरतात. हा थर जलाभेद्य असून त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो. तिसऱ्या प्रकारात काँक्रीटवर एपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन राळेचा गुळगुळीत लेप देतात. कारखाने, औषधनिर्मितीचे विभाग, शीतगृहे आणि गुदामे यांच्या जमिनींसाठी हा प्रकार विशेष प्रचारात आहे. महाराष्ट्रात आवारमार्गांसाठी अद्याप सिमेंट काँक्रीट व पेव्हर ब्लॉक यांचाच वापर अधिक होतो; राळेचा वापर मुख्यत्वे बंदिस्त जमिनींवर होतो. तथापि तडे पडण्याची तत्त्वे सर्व प्रकारांना समान आहेत.

राळांचे रसायन : एपॉक्सी राळेचा विकास १९३० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये प्येअर कास्टान आणि अमेरिकेत एस. ओ. ग्रीनली यांच्या संशोधनातून झाला. पॉलियुरेथेन बहुवारिके जर्मनीतील लेव्हरकूझेन येथे ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये प्रथम तयार केली. दोन्ही प्रकारांत मूळ राळ व दृढकारक हे दोन घटक ऐनवेळी मिसळतात आणि त्यांच्यातील विक्रियेने त्रिमितीय जालरचना असलेले घन बहुवारिक बनते. ही रचना एकदा बनली की उष्णतेने पुन्हा वितळत नाही. दृढीकरण होताना आकारमान थोडे घटते व उष्णता बाहेर पडते. घटकांचे प्रमाण चुकल्यास जालरचना अपुरी राहून थर कुठे चिकट, तर कुठे ठिसूळ बनतो.

पॉलियुरेथेनातील आयसोसायनेट हा घटक पाण्याशीही विक्रिया करतो व तीत कार्बन डाय-ऑक्साइड वायू निर्माण होतो. खडी ओली असल्यास किंवा हवा फार दमट असल्यास थरात बुडबुडे येऊन तो फुगतो आणि कमकुवत होतो. एपॉक्सी राळेचे काँक्रीटशी बंधन उत्तम असते. परंतु सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे ती पिवळी पडते व तिच्या पृष्ठावर भुकटी सुटते. म्हणून उघड्यावरील कामासाठी ॲलिफॅटिक जातीचे पॉलियुरेथेन अधिक योग्य असते. ॲरोमॅटिक जातीचे पॉलियुरेथेन स्वस्त असले, तरी त्याचा रंग उन्हात बदलतो.

तडे पडण्याचे तत्त्व : कोणताही पदार्थ मोकळेपणाने आकुंचन पावू शकला, तर त्यात तडा पडत नाही. आकुंचनास अटकाव झाला, की त्यात ताण-प्रतिबल निर्माण होते व ते पदार्थाच्या ताणबलापेक्षा वाढले म्हणजे पदार्थ फाटतो. फरसबंदीतील प्रत्येक थर खालच्या थराला चिकटलेला असल्यामुळे असा अटकाव सर्वत्र असतो.

काँक्रीटचा ऊष्मीय प्रसरण गुणांक दर अंश सेल्सियसला सु. १० ते १२ दशलक्षांश इतका असतो. ४ मी. लांबीच्या लादीचे तापमान ३०° से. ने उतरल्यास ती सु. १.२ मिमी. आखडते. सुकताना होणारे आकुंचन याखेरीज असते. भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार अभिकल्पासाठी काँक्रीटची एकूण आकुंचन-विकृती ०.०००३ धरता येते. त्या हिशेबाने ४ मी. लांबीत आणखी १.२ मिमी. घट होते. एवढ्या हालचालीला योग्य जागी सांधा दिला नाही, तर काँक्रीट स्वतःच तडा पाडून सांधा निर्माण करते.

राळ व काँक्रीट यांच्या प्रसरण गुणांकांतील तफावत हे दुसरे महत्त्वाचे कारण होय. भरणद्रव्य न घातलेल्या एपॉक्सी राळेचा गुणांक सु. ६० दशलक्षांश, म्हणजे काँक्रीटच्या पाच ते सहा पट असतो. तापमान ३०° से. ने उतरले असता दोहोंच्या विकृतींतील फरक सु. ०.००१५ होतो. राळेचा स्थितिस्थापकता गुणांक ३,००० न्यूटन प्रति चौ. मिमी. धरल्यास थरात सु. ४.५ न्यूटन प्रति चौ. मिमी. इतके प्रतिबल निर्माण होते. चांगली राळ हे सहन करते. परंतु काँक्रीटच्या पृष्ठभागाचे ताणबल बहुधा २ ते ३.५ न्यूटन प्रति चौ. मिमी. एवढेच असते. परिणामी थराच्या कडांशी बंधन न सुटता काँक्रीटचाच पातळ पापुद्रा राळेबरोबर उचलला जातो. सुकी गारेची वाळू मिसळल्यास राळमिश्रणाचा प्रसरण गुणांक निम्म्याच्या आसपास येतो. वाळूचा उपयोग केवळ राळेची बचत करण्यासाठी नसून प्रतिबल कमी करण्यासाठीही आहे, हे यावरून स्पष्ट होते.

कारणे : जमिनीचे खचणे. फरसबंदीतील सर्वांत गंभीर तडे जमीन असमान खचल्यामुळे पडतात. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील खारबाव परिसर हे याचे बोलके उदाहरण आहे. खारबाव हे दिवा–वसई लोहमार्गावरील स्थानक असून चिंचोटी–कामण–अंजूरफाटा रस्ता याच भागातून जातो. दक्षिणेस उल्हास नदीची खाडी आहे. टेकड्यांच्या पायथ्याशी बेसाल्ट खडक व मुरूम वर आलेले आढळतात, तर खाडीकडील सखल भागात भातखाचरे, खाजण व मऊ चिकणमाती आहे. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, परंतु शहरापासून जवळ असल्यामुळे भिवंडीच्या आसपास गुदामांची वाढ झाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात रद्द झाली, तरी बंदर व महामार्ग यांच्या सान्निध्यामुळे ही वाढ चालूच राहिली. गुदामे, त्यांची आवारे व नवी घरे यांसाठी भातजमिनींवर मुरुमाचा भराव टाकण्याची पद्धत रूढ आहे.

अशा जागी आवारमार्गावर येणारा सर्वांत मोठा भार बहुधा वाहनाचा नसून भरावाचाच असतो. १ मी. जाडीचा दाबलेला मुरूम दर चौ. मी. ला सु. १.८ ते २ टन भार देतो. म्हणजे २ मी. भरावाचा भार जवळजवळ ४ टन होतो. त्या तुलनेत १५० मिमी. जाडीच्या काँक्रीट लादीचा भार दर चौ. मी. ला सु. ०.३६ टन असतो आणि उभ्या असलेल्या लहान मोटारगाडीचा भार तिच्या खालील क्षेत्रफळावर विभागला असता त्याहूनही कमी भरतो. भरावाच्या भाराखाली चिकणमातीतील पाणी हळूहळू पिळून निघते व माती दबते. कार्ल तेर्त्सागी यांनी १९२५ मध्ये या क्रियेचा, म्हणजे दृढीभवनाचा, सिद्धांत मांडला. त्यानुसार दृढीभवनास लागणारा काळ पाण्याच्या निचऱ्याच्या वाटेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २ मी. जाडीच्या चिकणमातीस लागणाऱ्या काळाच्या चौपट काळ ४ मी. जाडीच्या थरास लागतो. म्हणून एकाच आवारात खडकावरील भाग स्थिर राहतो, बांधाजवळचा भाग काही महिन्यांत खचतो आणि मधल्या खोलगट भागातील खचणे कित्येक वर्षे चालते. दोन भागांच्या सीमेवर लादी वाकते व तेथे आरपार तडा पडतो. अशा तड्याला राळेचा कोणताही थर रोखू शकत नाही.

परावर्तित तडे. खालच्या काँक्रीटमध्ये असलेला सांधा किंवा जुना तडा तापमानानुसार उघडतो व मिटतो. त्याच्या वर राळेचा थर अखंड नेला, तर सांध्यावरच्या अगदी अरुंद पट्टीला ती सगळी हालचाल सोसावी लागते. सांधा १ मिमी. उघडला आणि वरच्या थराची बंधनमुक्त रुंदी २ मिमी. असली, तर तेवढ्या भागात ५० टक्के विकृती निर्माण होते. दृढ राळेला ती सोसत नाही व खालच्या सांध्याची सरळ रेषा वर उमटते. नवे काँक्रीट जुन्या काँक्रीटला जेथे भिडते ती जागा, गटारांची व चेंबरांची झाकणे, खांबांचे पाये आणि भिंतींच्या कडा यांच्या बाबतीतही हेच घडते.

ओलावा. कोकण किनाऱ्यावर वर्षातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. खाडीलगतच्या सखल भागात या काळात भूजल पृष्ठाच्या अगदी जवळ येते. लादीखाली बाष्परोधक पत्रा नसल्यास काँक्रीटमधून वर चढणारे पाणी अभेद्य राळेखाली अडकते. त्याच्या दाबाने प्रथम फोड येतात, मग ते फुटून कडांना तडे जातात. झिरपणाऱ्या प्रकारातील फरसबंदी सपाट, अभेद्य काँक्रीटवर घातल्यास पाणी थराच्या तळाशी साचून राहते, खडी व राळ यांचे बंधन सैल होते आणि खडे सुटू लागतात.

हवामान व काम करण्याची वेळ. पृष्ठाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३° से. ने अधिक असल्याखेरीज राळेचे काम करू नये, असा सर्वमान्य नियम आहे. जुलैमध्ये हवेचे तापमान २८° से. व सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असताना दवबिंदू सु. २६° से. असतो, हा फरक अपुरा आहे व डोळ्यांना न दिसणारे दव काँक्रीटवर धरते. जानेवारीत दुपारी तापमान ३०° से. व आर्द्रता ४५ टक्के असताना दवबिंदू सु. १७° से. असल्याने परिस्थिती अनुकूल असते. याउलट एप्रिल-मे महिन्यांत गडद रंगाचा उघडा पृष्ठभाग सु. ६०° से. पर्यंत तापू शकतो. साध्या तापमानाला दृढ होणाऱ्या अनेक एपॉक्सी राळा ५०° ते ६०° से. च्या सुमारास मऊ पडतात. अशा वेळी गाडीचे तापलेले टायर थराला चिकटून तो उचलतात. शिवाय भर उन्हात मिसळलेली राळ लवकर घट्ट होत असल्यामुळे थापी फिरविण्यापूर्वीच तिची वाहकता संपते आणि मिश्रण नीट दबले जात नाही.

मिश्रण व भार यांतील दोष. खर्च वाचविण्यासाठी राळेचे प्रमाण घटविणे, थर पातळ ठेवणे, धूळ असलेली खडी वापरणे आणि काँक्रीटच्या पृष्ठावरील सिमेंटची दुबळी साय न खरवडता त्यावर लेप देणे, हे नेहमी आढळणारे दोष आहेत. मोटारगाडीसाठी आखलेल्या आवारमार्गावर बांधकामाच्या साहित्याचा किंवा मालाचा ट्रक आणल्यास खालची लादीच तडकते. गुदामांमध्ये फोर्कलिफ्टची लहान, कठीण चाके सांध्यांच्या कडांवर आदळून त्या फोडतात. वाहन जागच्या जागी वळविल्यानेही वरच्या थरात कर्तन-प्रतिबल निर्माण होते.

निदान : तड्याचे रूप पाहून कारणाचा बराच अंदाज बांधता येतो. सरळ व समान अंतरावरील तडे खालचे सांधे दर्शवितात. चेंबराच्या कोपऱ्यापासून तिरपा निघणारा तडा तेथे सांधा न दिल्याचे लक्षण होय. कडेने चंद्रकोरीसारखा वळलेला आणि एका बाजूस पातळी उतरलेला तडा जमीन खचल्याचे सांगतो. मगरीच्या पाठीसारख्या चौकटी दिसल्यास अधःस्तर भाराने थकला आहे असे समजावे. केसासारख्या बारीक रेषांचे अनियमित जाळे वरच्या थरातील मिश्रणदोष किंवा अतिजलद दृढीकरण सुचविते. हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर बंधन सुटलेले असते.

तडा जिवंत आहे की निद्रिस्त, हे ठरविणे अत्यावश्यक आहे. यासाठी त्याच्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसची किंवा काचेची पट्टी आडवी बसवून तारीख लिहितात. पट्टी तुटल्यास हालचाल चालू आहे असे ठरते. कोकणात किमान एक पावसाळा व त्यानंतरचा उन्हाळा एवढा काळ नोंद ठेवल्यास भूजल आणि तापमान या दोहोंचा परिणाम कळतो.

प्रतिबंध : तड्यांचा प्रतिबंध जमिनीपासून सुरू होतो. भातजमिनीवरील काळी, सेंद्रिय माती काढून टाकावी. मुरूम दाबून झाल्यावर २०० मिमी. पेक्षा अधिक जाडी होणार नाही अशा थरांत पसरावा, त्यात योग्य तेवढे पाणी मिसळावे व प्रत्येक थर रुळाने दाबून त्याची घनता तपासावी. खाली मऊ चिकणमाती असल्यास भराव आधी टाकून निदान एक पावसाळा जाऊ द्यावा आणि खचण्याचा वेग मंदावल्यावरच काँक्रीट घालावे. मोठ्या प्रकल्पांत वालुकास्तंभ किंवा पट्टीनिचरे बसवून पाण्याची वाट आखूड करतात; तेर्त्सागी यांच्या नियमानुसार त्यामुळे दृढीभवनाचा काळ पुष्कळ घटतो. जेथे ही प्रतीक्षा शक्य नसते, तेथे राळेचा हट्ट न धरता पेव्हर ब्लॉक वापरणे शहाणपणाचे ठरते. जमीन खचल्यास ते उचलून वाळूची पातळी सुधारता येते व तेच ब्लॉक पुन्हा बसविता येतात. त्यांच्या गुणवत्तेसाठी भारतीय मानक १५६५८ उपलब्ध आहे.

काँक्रीट लादीखाली २५० मायक्रॉन जाडीचा पॉलिएथिलिनाचा पत्रा अंथरावा. सांध्यांतील अंतर लादीच्या जाडीच्या २४ ते ३० पट ठेवावे, १५० मिमी. जाडीसाठी ते ३.६ ते ४.५ मी. येते. सांध्याची चीर जाडीच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश खोल असावी आणि ती काँक्रीट घट्ट झाल्यावर लवकरात लवकर, सामान्यतः पहिल्या चोवीस तासांच्या आत पाडावी. उशीर झाल्यास तडा चिरेची वाट पाहत नाही. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस व मिश्र सिमेंटच्या काँक्रीटवर किमान १० दिवस पाणी मारावे. उतार सु. ५० त १ ठेवून पाणी घरापासून दूर न्यावे.

राळेचा थर देण्यापूर्वी नवे काँक्रीट किमान २८ दिवसांचे झालेले असावे. सु. ४५ सेंमी. लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा कडा चिकटवून १६ तास पृष्ठावर ठेवावा. त्याखाली थेंब जमल्यास किंवा काँक्रीट काळसर झाल्यास काम पुढे ढकलावे. पृष्ठ घासून साय काढल्यावर खेच-चाचणीत त्याचे बल निदान १.५ न्यूटन प्रति चौ. मिमी. भरले पाहिजे. खालचा प्रत्येक हालता सांधा वरच्या थरातही जसाच्या तसा उचलून लवचिक द्रव्याने भरावा. घटक वजनाने मोजून यंत्राने मिसळावेत. कोकणात अशा कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा असतो.

दुरुस्ती : निद्रिस्त तड्यात पातळ एपॉक्सी राळ दाबाने भरून लादी पुन्हा एकसंध करता येते. जिवंत तड्यात कठीण राळ भरल्यास शेजारी नवा तडा पडतो. म्हणून असा तडा चौकोनी खाचेसारखा रुंद करून तळाशी बंधन तोडणारी पट्टी ठेवतात व त्यात लवचिक सांधाद्रव्य भरतात. खाच रुंद केल्यामुळे तीच हालचाल अधिक लांबीवर विभागली जाऊन विकृती कमी होते. बंधन सुटलेला भाग सरळ कडांनी कापून काढावा व खालचे कारण दूर केल्यावरच त्याच खडीचे नवे मिश्रण भरावे. जुन्या व नव्या थराच्या रंगांतील फरक पूर्णपणे टाळता येत नाही. जमीन अद्याप खचत असल्यास कायम दुरुस्ती लांबणीवर टाकून तडा केवळ पाण्यापासून बंद ठेवणे हाच योग्य मार्ग होय.

कामगारांची सुरक्षितता : आयसोसायनेटाच्या वाफांनी श्वसनमार्गाला कायमची अतिसंवेदनशीलता येऊन दमा जडू शकतो, एपॉक्सी राळ व तिचे दृढकारक यांच्या स्पर्शाने त्वचाशोथ होतो. एकदा अशी संवेदनशीलता आली म्हणजे पुढे अल्प मात्राही त्रासदायक ठरते व कामगाराला तो व्यवसायच सोडावा लागतो. बंदिस्त गुदामात काम करताना पुरेसे वायुवीजन, योग्य श्वसनसाधन, नायट्राइल रबराचे हातमोजे आणि डोळ्यांचे संरक्षण आवश्यक आहे. हात विद्रावकाने न धुता साबण व पाण्याने धुवावेत. वारंवार तडकणारी फरसबंदी म्हणजे वारंवार करावे लागणारे हेच काम होय. त्यामुळे अधःस्तराची काळजी घेतल्याने मालकाच्या खर्चाबरोबरच कामगाराचे आरोग्यही वाचते.